झूराकानचा पाय

दोलोनचा घाट उतरून आलं की आमचं ओत्तुक लागतं. घाट उतरलेली गाडी इथे थांबते ती दोनच कारणांनी. एक तर ड्रायव्हरला चहा हवा असतो, नाहीतर त्याचे हातपाय लटपटत असतात. हातपाय लटपटणाऱ्यांसाठी गावात चाळीस वर्षं एकच अंगण होतं, कादिरालीचं. ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा नारिन शहरापर्यंत कुणी नव्हता. पण जाणती माणसं म्हणायची, हात कादिरालीचा खरा, पाय मात्र बायकोचा.

बायको म्हणजे झूराकान. आज बासष्ट वर्षांची आहे. अंगानं किरकोळ, डोक्याला पांढरा रुमाल, पायात बारा महिने तेच रबरी बूट. तिच्याकडे पाहून कुणाला वाटणारही नाही की या बाईच्या उजव्या पायानं किती ट्रक, किती जीप आणि प्रवाशांच्या किती गाड्या तपासल्या आहेत. ती एकदा पेडल दाबते आणि सांगते, मऊ किंवा घट्ट. यापलीकडे ती गाडीबद्दल बोलत नाही, आणि बोलायची गरजही पडत नाही.

लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आमच्याकडे सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, नवऱ्याचं तर नाहीच नाही. तिच्या सासऱ्याचं नाव होतं तेमिरबाय, आणि तेमिर म्हणजे लोखंड. आता गॅरेजवाल्याच्या घरात पडलेली सून, तिला लोखंड म्हणायचीच चोरी! बिचारी पान्याला ‘कडक’ म्हणायची, पेटीला ‘मोठं कडक’ म्हणायची. शेजारणी मुद्दाम कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "काय गं सूनबाई, तुझ्या सासऱ्यांनी दारात हे काय टाकलंय?" आणि ही लाल होऊन घरात पळायची. नवऱ्याशीही वडील माणसांसमोर बोलायचं नाही, अशी रीत. घर दोन खोल्यांचं, वडील माणसं चार. मग बोलणार कधी आणि कुठे?

तिसऱ्या आठवड्यात एक ट्रक आला. कादिरालीनं अंगणात स्वतः खणलेल्या खड्ड्यावर तो उभा केला आणि ब्रेकमधली हवा काढायला खाली उतरला. हे काम एकट्याचं नव्हे. वर एकानं पेडल दाबून धरायचं, खाली दुसऱ्यानं चाकाचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची आणि निपल आवळल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा उलट आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. त्या दिवशी त्याचा जोडीदार आलाच नव्हता. शेवटी सासूच कावली, "अगं, उभी काय राहिलीस? जा, पाय दे त्याला!"

ती चढून बसली. खड्ड्यातून आवाज आला, "दाब."

तिनं दाबलं.

"धर... धर... सोड."

लग्नानंतर भर दिवसा, सासूसासऱ्यांच्या देखत, नवरा तिच्याशी पहिल्यांदा बोलला तो हा एवढा. आणि तिला उत्तर द्यायची मुभा होती ती दोन शब्दांची, मऊ आणि घट्ट. पेडल मऊ म्हणजे हवा अजून आत, घट्ट म्हणजे हवा गेली. त्यावर कोण काय बोलणार? कामाचंच बोलणं ना! प्रत्येक चाक झालं की खाली उतरायचं, बॉनेटखालच्या डबीत ब्रेकचं तेल भरायचं, ती कोरडी पडू द्यायची नाही, हेही काम तिच्याकडेच आलं.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. एका ट्रकचं पेडल चौथ्या फेरीला दगडासारखं झालं. ती म्हणाली, "घट्ट."

खालून आवाज आला, "अजून हवा आहे. दाब."

तिनं दाबलं. पुन्हा म्हणाली, घट्ट. पुन्हा खालून तेच, अजून हवा आहे. पलीकडे लोणी घुसळणारी सासूसुद्धा म्हणाली, "या मेल्या ट्रकात हवा भरलीय तरी किती!" सातव्या वेळी झूराकानला राहवेना. तिनं दार उघडून खाली वाकून पाहिलं. कादिराली पालथ्या बादलीवर आरामात बसला होता. पाना मांडीवर. निपल केव्हाच आवळलेलं. मान वर करून तो तिच्या बुटाकडे बघत होता आणि लबाडासारखा हसत होता. तिनं घाईघाईनं दार लावलं आणि पुन्हा पेडल दाबलं. त्यानंतर त्या घरात कधी कुणी पाय द्यायला दुसरं माणूस बोलावलं नाही.

चाळीस वर्षांत तो काही फार बोलका झाला नाही. पुढे सासू गेली, सासरे गेले, बोलायला घर मोकळं झालं, तरी या दोघांचं खरं बोलणं खड्ड्यावरच व्हायचं. भांडण झालं असलं तर ‘दाब’ तुटक यायचा. खुशीत असला की ‘धर’ लांबायचा. पोरगा एलामान मॉस्कोला कामाला गेला त्या दिवशी कादिरालीनं दिवसभर एका जुन्या जीपची हवा काढली, आणि त्याचा ‘सोड’ तिला ऐकूच आला नाही इतका हळू होता.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, कादिराली गेला. घाट बर्फानं बंद, विमानाचं तिकीट मिळेना. एलामाननं बापाची माती फोनवर पाहिली. झूराकाननं खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर बटाट्यांची पोती रचली.

लोकांना वाटतं, म्हातारीला एकटेपणा खात असेल. तसं नव्हतं. शेजार चांगला, गाय होती, कोंबड्या होत्या. नवऱ्याचा चेहराही हरवला नव्हता, भिंतीवर फोटो होता. हरवला होता तो आवाज. कादिरालीला फोनचं वावडं, त्यामुळे तो कुठेच साठवलेला नव्हता. पहिल्या वर्षी डोळे मिटले की तिला ऐकू यायचा. दुसऱ्या वर्षी प्रयत्न करावा लागायचा. यंदा उन्हाळ्यात एकदा गाईची धार काढताना तिनं तो आठवायचा म्हटला आणि नुसते शब्द आठवले, आवाज आठवेना. तेव्हा मात्र ती गाईच्या पोटाला डोकं टेकून रडली. आपला माणूस दुसऱ्यांदा मेला, असं तिला वाटलं.

सप्टेंबरात एलामान आला. पाच वर्षांनी. बरोबर बायको आयझादा, दोन पोरं, आणि बिश्केकच्या बाजारातून घेतलेली, दोनच वर्षं वापरलेली पांढरी गाडी. जाताना त्यानं, परत येऊन पुरा करायचा या रीतीनं, एक घास चावून ठेवलेला नान आईनं पाच वर्षं फडक्यात बांधून खुंटीला टांगला होता. तो दुधात भिजवून त्यानं आधी खाल्ला आणि मगच पाणी मागितलं. सुट्टी दहा दिवसांची. नंतर हीच गाडी चालवत, कझाकस्तान ओलांडून, मॉस्को.

नवव्या दिवशी, बटाटे काढून झाल्यावर, त्यानं आईला हाताला धरून गाडीत बसवलं. "बस तर खरी! राणीसारखी बस. हे बघ, सीटसुद्धा गरम होते."

झूराकान बसली. सीटचं तिला काही नव्हतं. पाय आपोआप पेडलवर गेला. तिनं दाबलं आणि कपाळाला आठी घातली. "गाडी सुरू कर." त्यानं केली. तिनं पुन्हा दाबलं, मग भराभर तीनदा दाबलं.

"मऊ आहे."

"आई, नवीन गाड्यांचं पेडल असंच असतं. लोण्यासारखं."

"लोणी खायला. तीनदा दाबल्यावर वर येतंय. म्हणजे हवा आहे."

आयझादा हसली. "घ्या! नऊ दिवसांत सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकात काही काढलं नाही, गाडीत बरोबर काढलं."

एलामान डोकं खाजवायला लागला. बिश्केकला एका रस्त्याकडेच्या मेकॅनिकनं पुढच्या चाकाचा ब्रेकचा पाईप बदलला होता, हे त्याला आता आठवलं. बापाच्या हाताखाली वाढलेला पोरगा. जास्त वाद न घालता त्यानं बटाट्यांची पोती हलवली, फळ्या काढल्या, गाडी खड्ड्यावर घेतली. बापाची पेटी उघडली, पाना काढला, काचेची बरणी आणि रबरी नळी काढली आणि खाली उतरला.

झूराकान पेडलवर पाय ठेवून बसली. मनात काही नव्हतं. संध्याकाळी पोरांना कणकेचे बोरसोक तळून द्यायचे, एवढंच होतं.

खड्ड्यातून आवाज आला, "दाब."

तिचा पाय जागच्या जागी थांबला.

"आई, दाब ना."

तिनं दाबलं.

"धर... धर... सोड."

तो आवाज कादिरालीचा होता. फोनवर पाच वर्षं ऐकलेला पोराचा आवाज पातळ होता, घरात बोलायचा तोही वेगळा, घाईचा. पण मान वर करून, छातीतून, त्या खड्ड्याच्या मातीच्या भिंतींवर आपटून येणारा हा आवाज बापाचा होता. तीच ती ‘धर’ लांबवायची तऱ्हा. पोरानं लहानपणापासून दुसरी ऐकलीच कुठे होती? झूराकाननं दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं.

पहिल्या फेरीला खूप हवा निघाली. दुसरीला थोडी. तिसऱ्या फेरीला चारी चाकं झाली आणि पेडल वर येऊन थांबलं, असं थांबलं की कादिराली असता तर म्हणाला असता, झालं, चहा टाक.

"कसं आहे?" एलामाननं विचारलं.

झूराकानचा पाय आयुष्यात खोटं बोलला नव्हता. त्या पायाच्या शब्दावर माणसं पोराबाळांसह घाट चढत होती.

"मऊ," ती म्हणाली.

चौथी फेरी झाली. "मऊ." पाचवी झाली. "मऊच आहे." तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. ती कान देऊन ऐकत होती, साठवत होती, आणि जे काम चाळीस वर्षं चुकलं नव्हतं ते विसरली. तिसऱ्या फेरीनंतर डबीत तेल भरायला ती एकदाही खाली उतरली नाही.

सहाव्या फेरीत पेडल एकदम तळाला गेलं.

ती उतरली, बॉनेट उघडलं. डबी कोरडी ठणठणीत. तेलाऐवजी हवा सरळ आत ओढली गेली होती. शेवटच्या वर्षांत कादिराली अशा गाड्यांना हातच लावायचा नाही. म्हणायचा, "यांच्या नळ्यांच्या मध्ये एक ठोकळा बसवलेला असतो, निसरड्यावर ब्रेक सांभाळणारा. त्यात हवा शिरली तर आपल्या पान्यानं निघत नाही. तिथं कॉम्प्युटरवाला लागतो." झूराकाननं डबी भरली आणि बॉनेट लावलं. नवऱ्याचा आवाज ऐकायला मी पोराच्या गाडीचे ब्रेक बिघडवले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"अजून एकदा काढ," एवढंच म्हणाली.

त्यानं काढली. थोडे बुडबुडे आले, मग बरणीत स्वच्छ तेल. पेडल अर्धं खाली जातच होतं. एलामान वर आला, हात पुसले, स्वतः बसून दोनदा दाबलं, अंगणात गाडी पुढेमागे केली. गाडी थांबली.

"थांबते की! आई, दुपारपासून तू मऊ मऊ करतेयस. बरणीत एक बुडबुडा नाही."

"आता खरंच मऊ आहे रे."

"आता खरंच? मग मघाशी काय होतं?" तो थकला होता, पण हसून तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पायालासुद्धा वय होतं आई. त्याला जरा विश्रांती दे."

तो टोमणा तिनं स्वतःच ओढवून घेतला होता.

सकाळी सामान भरलं. पोरं मागच्या सीटवर बसून खिडकीतून कोंबड्यांना हाका मारत होती. झूराकाननं रीतीप्रमाणे ताजा नान पुढे केला, एलामाननं एक घास चावला आणि उरलेला तिच्या हातात दिला. नान चावला म्हणजे माणूस निघाला. वर दोलोनच्या माथ्यावर नवं बर्फ दिसत होतं. माथ्यापलीकडे उतारच उतार, वळणामागून वळण, आणि तिथे पेडल खाली गेलं की हा पोरगा ते दुसऱ्यांदा दाबायला जाणार, तेवढा वेळ घाट देणार होता का?

झूराकान गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"उतर."

"आई, आता पुन्हा नको. सोमवारी कामावर हजर..."

"उतर म्हणते ना! काल मी खोटं बोलले. तिसऱ्या फेरीला घट्ट झालं होतं. चांगलं घट्ट. त्यानंतर मी उगाच मऊ म्हणत राहिले आणि डबी कोरडी पडली. त्या ठोकळ्यात हवा गेलीय. माझ्यामुळे गेलीय."

एलामान उतरला. त्याला काही उमजेना. "पण का? मला थांबवायला?"

थांबवायला म्हणाली असती तर सोपं होतं. कुठलीही आई तसं करील आणि कुठलाही पोरगा माफ करील. पण त्यानं मनात म्हटलं असतं, आताही थांबवायलाच बोलतेय, आणि किल्ली फिरवली असती. खरं सांगितल्याशिवाय तिच्या पायावर कुणी पुन्हा विश्वास ठेवणार नव्हतं. तिनं रुमालाचं टोक तोंडाशी नेलं, आणि परत खाली सोडलं.

"तू खड्ड्यातून बोलतोस ना," ती म्हणाली, "तेव्हा तुझा आवाज कादिरालीचा येतो."

आयझादाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सासूच्या तोंडून सासऱ्यांचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"मला आठवेनासा झाला होता रे तो आवाज," झूराकान म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "काल आला. वाटलं, अजून एकदा. मग वाटलं, अजून एकदा. तेही असंच करायचे. लग्न झालं तेव्हा. पेडल घट्ट झालं तरी खालून म्हणायचे, अजून हवा आहे, दाब. नुसतं मला बसवून ठेवायला. तुझी आजी म्हणायची, मेल्या ट्रकात हवा भरलीय तरी किती. मी म्हातारी झाले, मला लाज वाटायला हवी होती. पण तू या गाडीतून घाट चढू नकोस. माझ्या पायाचं ऐक. काल तो खोटं बोलला, आज नाही बोलत."

एलामाननं एकदा बापाच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग त्यानं डिकी उघडली आणि एकेक बॅग काढून ओसरीवर ठेवायला लागला. पोरं विचारत होती, बाबा, आपण जायचं नाही का? तो म्हणाला, आज नाही. मग त्यानं नारिनच्या एका कॉम्प्युटरवाल्या मेकॅनिकला फोन लावला, आणि मॉस्कोलाही एक लावला. तिकडून बरीच आरडाओरड झालेली झूराकानला कुंपणापर्यंत ऐकू आली.

नारिनचा माणूस दुपारी आला. जाड चष्मा लावलेला, मुकाट काम करणारा. त्यानं गाडीला वायर जोडली, मांडीवरचा छोटा कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाला, "आतला पंप मी फिरवतो. पण पेडलवर माणूस लागेल आणि खालीही लागेल. ते यंत्राला जमत नाही."

"माणसं आहेत," एलामान म्हणाला आणि खाली उतरला.

झूराकान चढण्याआधी डबी काठोकाठ भरून आली. ठोकळ्यातून घरघर आवाज यायला लागला, पाय गुदगुल्या झाल्यासारखा थरथरला. "दाब," खालून आलं. "धर..." बुडबुड्यांनी बरणी पांढरी झाली. एक चाक, दुसरं, तिसरं. प्रत्येक चाकाला ती खाली उतरली, डबी भरली, पुन्हा चढली. चौथ्या चाकानंतर पेडल वर आलं आणि थांबलं. तिनं एकदा दाबलं. तीनदा दाबलं. दाबून धरून ठेवलं, ते तसूभरही हललं नाही.

आता बोलायचं होतं. हा शब्द बोलला की गाडी उद्या घाट चढणार, आणि मग किती वर्षं, कोण जाणे. कदाचित तिच्या मातीलाही तो फोनवरच असेल. हे सगळं तिला कळत होतं.

"घट्ट," ती म्हणाली. "दगडासारखं."

चष्मेवाल्यानं मान हलवली आणि वायर गुंडाळून निघून गेला. झूराकान वाट पाहत होती, की खालून पाना पेटीत टाकल्याचा आवाज येईल. तो आला नाही. तिनं दार किलकिलं करून पाहिलं. एलामान पालथ्या बादलीवर बसला होता. पाना मांडीवर. निपल आवळलेलं. बापाच्या त्या खड्ड्यातून तो वर तिच्या बुटाकडे बघत होता आणि त्याचे गाल ओले होते.

"अजून हवा आहे," तो म्हणाला. "दाब."

झूराकाननं दार लावून घेतलं, रुमाल नीट केला आणि पेडलवर पाय ठेवला.

"निपलला हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि दाबलं.